कन्येला नगरदर्शन

माणसाचा अपमान कुठल्या ताटात वाढून येईल, सांगता येत नाही. मिनिटरावांचा आला तो रात्रीच्या जेवणाच्या ताटात, भाजी दुसऱ्यांदा घेताना, आणि तोही पोटच्या पोरीच्या तोंडून.

मिनिटराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. शहर बस खात्याच्या वेळापत्रक विभागात त्यांची उभी हयात गेली होती, आणि हे नाव तिथल्याच कुणीतरी चहाच्या सुट्टीत ठेवलेलं. कुठली बस कुठल्या थांब्यावरून किती वाजता सुटावी, हे ते ठरवत. ती त्या वेळी खरोखर सुटते की नाही हे बघणारा विभाग वेगळा. तो सर्वांत वरच्या मजल्यावर बसतो आणि तिथे जायची लिफ्ट बंद असते. पण कागदापुरतं सगळं शहर मिनिटरावांच्या मुठीत होतं. एखाद्या रस्त्याचं नाव काढलं की तिथून जाणाऱ्या बसचे क्रमांक त्यांच्या ओठांवर येत, जसं भाविकाच्या ओठांवर देवाचं नाव.

तर त्या रात्री कन्येने सांगितलं, की तिला दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीने बोलावलं आहे. इस्पितळातली यंत्रं बिघडली की दुरुस्त करायची, हे तिचं इथलं काम. तिथे ती यंत्रं मुळापासून बनवायला मिळणार होती. सोमवारी काय ते सांगायचं आहे, म्हणाली. इथपर्यंत मिनिटरावांनी मोठ्या मनाने ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, की इथे काय वाईट आहे? कन्या जरा चाचरली, ताटातल्या भाताला चमच्याने कुंपण घातलं आणि म्हणाली, "इथे आहे काय, बाबा? दिवे लागले की हे शहर अंगावर पांघरूण घेतं."

नोकरी राहिली बाजूला, हे वाक्य मात्र वर्मी बसलं. रात्रभर मिनिटराव कुशी बदलत राहिले. पांघरूण घेतं म्हणजे काय? कुणाच्या शहराबद्दल बोलतेस?

आता कुणी म्हणेल, बापाने सरळ सांगावं, पोरी, जाऊ नकोस, तू गेलीस की घर खायला उठेल. पण हे बोलायला जीभ लागते, आणि देवाने ती वाटताना बापांच्या बाबतीत हात आखडता घेतला. उरली ती सगळी आयांना दिली. मिनिटरावांनी निराळा हिशेब मांडला. मुलगी शहर सोडते आहे ती शहर न बघताच. एकदा दाखवलं, की आपणहून म्हणेल, राहते. मागायला नको, डोळ्यांत पाणी नको, बापाची मान ताठच्या ताठ. शनिवारी संध्याकाळी पब, दिवे, गाणंबजावणं, सोमवारी नकार. योजना बिनतोड होती. तिच्यात एवढीच एक बारीक खोट होती, की जेवणानंतरचं शहर मिनिटरावांनी स्वतःही कधी बघितलं नव्हतं.

अज्ञान ही लाजेची गोष्ट नाही. लाज वाटते ती ते शेजाऱ्यांना कळलं की.

पहिल्यांदा कळलं ते कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांना. हे गृहस्थ एकदा कुठल्याशा कंपनीच्या खर्चाने परदेशी जाऊन आले होते, आणि तेव्हापासून पब या विषयावर त्या गल्लीत दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही असा दंडक होता. त्यांनी सांगितलं, निघण्यापूर्वी चमचाभर लोणी खायचं, म्हणजे चढत नाही. मिनिटराव म्हणाले, अहो, मी पीतच नाही. औषधवाल्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "न पिणाऱ्याला दोन चमचे."

वरच्या मजल्यावरच्या मावशींना बातमी लागायला जिन्याचे कठडे पुरे होतात. त्या कधी पबात गेल्या नव्हत्या, पण न गेलेल्या ठिकाणांची माहिती त्यांच्याकडे नेहमीच जास्त असते. आत काळोख ठेवतात तो पेला किती लहान आहे हे दिसू नये म्हणून, असं त्यांचं निदान होतं. त्यांनी आपली विजेची बॅटरी आणून दिली, वर नवे सेल घातले, आणि बजावलं, की परत करताना सेल काढून घेऊ नका.

मग मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. ह्याला जगात कळत नाही अशी एकच गोष्ट, ती म्हणजे आपल्याला काय कळत नाही. त्याने मिनिटरावांच्या पायांकडे बघून मान हलवली. चपलेला आत घेत नाहीत, म्हणाला. चकचकीत काळे बूट हवेत. त्याच्याकडे ते होते, आणि ते मिनिटरावांच्या पायांपेक्षा दोन नंबरांनी मोठे होते. पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबले की झालं. कोंबले. चालताना बुटांतून बातम्या चुरगळल्याचा आवाज येऊ लागला.

पण खरा घोळ झाला कचेरीत. मिनिटरावांनी सहज म्हणून मुख्य लिपिकाच्या कानावर घातलं, आणि मुख्य लिपिकाच्या कानावर घातलेली गोष्ट सहज राहत नाही. त्याने नियमावली उघडली. खात्याच्या सेवकाने मद्य विकल्या जाणाऱ्या ठिकाणी गणवेशात जाऊ नये, असं तिच्यात होतं. मिनिटराव म्हणाले, मला गणवेशच नाही. मुख्य लिपिक म्हणाला, तेच लेखी द्या. तेव्हा 'कौटुंबिक कारणास्तव, बिनगणवेशात, मद्यालयात उपस्थित राहणेबाबत' असा अर्ज झाला. साहेबांनी त्यावर शेरा मारला, 'सोबत कोण?' मिनिटरावांनी लिहिलं, 'कन्या.' अर्ज परत आला, 'कन्येची संमती आहे काय?' पुन्हा वर गेला. शेवटी साहेबांनी लिहिलं, 'चर्चा करावी,' आणि साहेब चर्चेला सापडेनात. दरम्यान सगळ्या आगारांत वार्ता पसरली, की वेळापत्रकवाले ह्या वयात दारूला लागले आणि तेही पोरीला घेऊन. कंडक्टर लोक सहानुभूतीने बघू लागले. एकाने तर आपल्या ओळखीच्या एका संस्थेचा पत्ता दिला, तिथे दारू सोडवतात.

हा सगळा खटाटोप पोरगी घरात राहावी म्हणून चालला होता, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. संतमंडळी सांगून गेली आहेत की लोकनिंदा कानाआड करावी. पण संतांना पेन्शनचा प्रश्न नव्हता.

असो, फार पाल्हाळ झालं. मूळ पदावर येऊ.

जिथे गाणारे समोर बसून गातात अशा एका ठिकाणी मिनिटरावांनी टेबल राखून ठेवायला फोन केला. तिकडच्या मुलाने विचारलं, काही खास निमित्त? मिनिटरावांनी घसा साफ केला. मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी मिळते आहे, त्या संदर्भात, म्हणाले. मुलगा म्हणाला, "वा, अभिनंदन," आणि फोन ठेवून दिला. निमित्त नेमकं उलटं आहे, हे सांगायचं राहूनच गेलं. पुन्हा फोन लावला तर लागेना.

शनिवारी संध्याकाळी दोन चमचे लोणी खाऊन, बॅटरी खिशात घालून, बुटांतून बातम्या चुरगळत मिनिटराव निघाले. बायकोला चल म्हटलं होतं, पण ती म्हणाली, तुम्ही दोघंच जा. दारापर्यंत येऊन तिने कॉलर नीट केली आणि म्हणाली, "तिचं ऐकून घ्या. तुम्हीच बोलत बसू नका." मिनिटरावांना ह्या सूचनेचा रोख कळला नाही. शहर दाखवायचं म्हणजे दाखवणाऱ्याने बोलायला नको?

आणि ते बोलले. बसमध्ये बसल्यापासून बोलले. हा पूल, ही घड्याळाची इमारत, इथे पूर्वी बस वळायची, आता पुढून वळते, तो निर्णय माझा. कन्या खिडकीशी बसून सगळ्याला "हो का" म्हणत होती. इतकं गुणी लेकरू, आणि निघालं परक्या गावाला.

पहिल्या पबाच्या दारात दाराएवढाच रुंद असा एक रखवालदार उभा होता. त्याने कन्येला बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "काय ताई, आज लवकर?" म्हणाला.

कन्येला एकाएकी खोकला आला. मिनिटरावांनी तिची पाठ थोपटली आणि मोठ्या अभिमानाने म्हणाले, "बघ. ओळख ना पाळख, पण ताई म्हणतो. ही आपल्या शहरातली माणसं. तिकडे म्हणेल कुणी?"

रखवालदाराने एकदा ह्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं, आणि त्याला काय समजायचं ते समजलं. पण मिनिटरावांकडे त्याने ओळखपत्र मागितलं. ते वाचताच त्याची मुद्रा पालटली. त्याच्या वस्तीची बस गेल्या वर्षी बंद झाली, ती कुणी केली, हे त्याला बरेच दिवस कुणाला तरी विचारायचं होतं. मिनिटराव म्हणाले, तो मार्ग विभागाचा निर्णय. मग रस्त्यावरचा खड्डा? तो महापालिकेचा. मागे रांग वाढू लागली. रांगेतल्या दोघांच्याही बसबद्दल तक्रारी निघाल्या. त्यांनी आपला नंबर सोडून पुढे येऊन त्या मांडल्या. पबाच्या दारात खात्याचा जनता दरबार भरला. अखेर रखवालदार म्हणाला, "जा काका आत. ताईंच्या सोबत आहात म्हणून." आणि मनगटावर त्याने निळा शिक्का उमटवला. मिनिटरावांनी आयुष्यभर कागदावर शिक्के मारले होते. शिक्का खाणाऱ्याला काय वाटतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

आत आवाज असा, की भिंतीसुद्धा छातीवर हात ठेवून उभ्या होत्या. देवाने माणसाला दोन कान दिले ते एकाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायला, पण इथे दोन्हींतून आतच येत होतं. मिनिटरावांनी कन्येला कानाशी ओरडून समजावलं, की ह्याला पब म्हणतात. हे लांब टेबल दिसतं ना, तो बार. तो कानाला ते लावून उभा आहे, तो गाणी लावणारा. तो स्वतः गात नाही. कन्या मान डोलवत होती. तेवढ्यात न मागता वेटर आला आणि तिच्यापुढे एक उंच पेला ठेवून गेला; वर छोटी कागदी छत्री, आत नारिंगी रंग.

"तू मागवलंस?"

"नाही, बाबा."

"मग?"

"असंच आणतात."

मिनिटरावांना भरून आलं. न मागता आणतात. त्यांच्या कचेरीत चहा मागूनही येत नाही. त्यांनी एक घोट घेऊन बघितला आणि म्हणाले, संत्री मात्र चांगली पिकलेली दिसतात.

मग त्यांना मेनू वाचायचा होता. काळोखात अक्षर दिसेना, म्हणून मावशींची बॅटरी काढली. नव्या सेलची बॅटरी ती. तिचा झोत मेनूवर न मावता समोरच्या कोपऱ्यात गेला, आणि त्या कोपऱ्यात साहेब आणि मुख्य लिपिक बसलेले दिसले. दोघांपुढे दोन पेले, मधे शेंगदाण्यांची बशी. चर्चा चालू होती.

क्षणभर कुणीच हललं नाही. मग मिनिटरावांनी बॅटरी विझवली. साहेबांनी आपल्याला बघितलं नाही, आपण साहेबांना बघितलं नाही, आणि लिपिकाला कुणीच बघितलं नाही, असा एक निर्णय तिथल्या तिथे, अर्जाविना, मंजूर झाला. खात्याच्या इतिहासात इतक्या झटपट काही झालेलं नव्हतं. मिनिटराव म्हणाले, चल, इथे हवा कोंदट आहे.

दुसरं ठिकाण चार गल्ल्या पलीकडे, एका शिंप्याच्या दुकानाच्या तळघरात होतं. तोवर उजव्या बुटातला बोळा सरकून टाचेखाली आला होता. कन्या म्हणाली, इकडून जाऊ, जवळ पडतं. मिनिटरावांनी विचारलं, तुला कसं ठाऊक? ती म्हणाली, अंदाज. अंदाज अचूक निघाला. एका बोळातून, दोन मांजरांना ओलांडून, ती थेट दारात. मिनिटरावांना वाटलं, पोरीला वाटा उपजतच कळतात. शेवटी रक्त कुणाचं.

तळघर पहिल्यासारखं नव्हतं. कमी उजेड, लाकडी बाकं, एका टोकाला हातभर उंचीचा ओटा. ओट्यावर गिटार घेतलेली एक मुलगी, तिच्या मागे ढोलताशांच्या नव्या अवतारामागे बसलेला एक पोरगा. राखून ठेवलेलं टेबल अगदी पुढ्यात होतं. मुलगी गाऊ लागली, आणि मिनिटरावांनी बोलणं थांबवलं. संध्याकाळभरात पहिल्यांदा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मिनिटराव गाणं ऐकायला शिकले ते लहानपणी, देवाच्या दारात, आईच्या मांडीला मांडी लावून. तिथली शिस्त एकच: गाणाऱ्याकडे तोंड करून बसायचं, बोलायचं नाही, आणि गाणारा थांबल्याशिवाय उठायचं नाही. भरल्या गाण्यातून उठणं म्हणजे जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढणं. ही शिस्त कुठल्या गाण्याला लावायची आणि कुठल्या नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे त्यांनी ती लावली. मागच्या बाकावर चारपाच तरुण मोठ्याने हसत होते, मिनिटराव वळले, त्यांच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "बाळांनो, गाणं चालू आहे." ती पोरं इतकी चकित झाली की गप्प बसली. कुणी पेले खणखणवले, त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. वेटर ऑर्डर घ्यायला आला, त्याला शेजारी बसवलं. दुसऱ्या गाण्यापर्यंत तळघरात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता झाली. तिसऱ्याला मिनिटराव हलकेच टाळ्यांनी ताल धरू लागले आणि जिथे पालुपद परत येई तिथे, शब्द कळत नसले तरी, सुरात सूर मिसळू लागले. मागची पोरंही धरू लागली. गाणारी मुलगी आधी बिचकली, मग तिचे डोळे चमकले. इतकी वर्षं ती लोकांच्या जेवणावर गात होती. आज पहिल्यांदा लोकांपुढे गात होती.

मिनिटरावांना वाटलं, जिंकलं. आता कन्येने नुसतं म्हणायचं, बाबा, राहते.

तेवढ्यात मागचा पडदा बाजूला झाला आणि मेणबत्ती लावलेला एक केक आला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शुभ प्रवास'. फोनवरच्या मुलाने निमित्त टिपून ठेवलं होतं.

मिनिटराव दबक्या आवाजात वेटरला म्हणाले, "हे चुकलंय. ती जात नाहीये. अजून ठरायचं आहे."

वेटर भला माणूस. त्याला वाटलं, काका साखर सांभाळून असतील. तो म्हणाला, "असू दे हो काका. गेल्या आठवड्यात ताईंच्या निरोपाचा केक चॉकलेटचा होता, हा व्हॅनिलाचा आहे. तेव्हा ताईंनी सगळ्यांना रडवलं. आम्हाला वाटलं, आता काही पुन्हा येत नाहीत."

मिनिटरावांनी कन्येकडे बघितलं. कन्येने केककडे बघितलं. रखवालदार, नारिंगी पेला, दोन मांजरं, सगळं एकामागोमाग एक, अगदी वेळापत्रकाप्रमाणे, मिनिटरावांच्या डोक्यात येऊन थांबलं.

"बाबा," कन्या म्हणाली.

"गाणं चालू आहे," मिनिटराव म्हणाले.

आणि ते ओट्याकडे तोंड करून बसले. ताठ. टाळीचा ताल एकदाही चुकला नाही, पण डोळे कुठल्याच गोष्टीवर नव्हते. कन्येने दोनदा बाहीला हात लावला. दोनदा त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. शिस्तीचा असाही उपयोग असतो.

आता गंमत अशी, की त्या तळघराच्या मालकाचाही एक नियम होता: पुढ्यात कुणी ऐकत बसलं असेल तोवर गाणं थांबवायचं नाही. एरवी कुणी ऐकत नसे, त्यामुळे नियम कुणाला टोचत नव्हता. त्या रात्री मात्र पुढ्यात मिनिटराव होते. ती थांबत नव्हती, कारण हे बसले होते. हे उठत नव्हते, कारण ती गात होती. तिची गाणी संपली, तेव्हा तिने पहिल्यापासून पुन्हा सुरू केली. स्वयंपाकघर बंद झालं. मागची पोरं गेली. वेटरांनी बाकं उलटी करून टेबलांवर ठेवली. ढोलवाल्याने एकेक ढोल सोडवून पिशवीत भरला आणि शेवटी नुसत्या मांडीवर वाजवू लागला. वेटर येऊन कानाशी विनवणीच्या सुरात म्हणाला, काका, तुम्ही उठलात तर ती थांबेल. मिनिटराव म्हणाले, ती थांबली तर मी उठेन.

शेवटी कन्याच उठून ओट्याशी गेली आणि तिने गाणारीच्या कानात काहीतरी सांगितलं. गाणं थांबलं. मिनिटराव उठले, ओट्यापुढे गेले आणि घोगऱ्या सुरात म्हणाले, "फार छान गातेस, बाळ." त्या मुलीला आवाज उरला नव्हता, तिने दोन्ही हात जोडले.

जिना चढून वर आले, तर समोरच्या थांब्यावरून शेवटची बस सुटत होती. मिनिटराव दोन पावलं धावले, डावा बूट मागे राहिला. ते थांबले. मनगटावरच्या घड्याळात बघितलं. घड्याळाशेजारी निळा शिक्का. बस अगदी ठरल्या वेळी निघाली होती. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी त्यांनी वरच्या मजल्याशी पत्रव्यवहार केला, ती नेमकी आज घडली.

कन्या म्हणाली, टॅक्सी करू. मिनिटराव म्हणाले, बस खात्याचा माणूस टॅक्सीत बसत नाही. मग दोन्ही बूट हातात घेऊन, मोजे घातलेल्या पायांनी, ते चालू लागले. कन्या शेजारून. दोन चौक ओलांडल्यावर मिनिटरावांनी विचारलं,

"होकार कधी कळवलास कंपनीला?"

"त्या दिवशी जेवताना सांगितलं ना, त्याच्या चार दिवस आधी."

"मग सोमवार कशाचा?"

"सोमवारी तुम्हाला खरं सांगायचं होतं. मीच स्वतःला मुदत दिली होती."

"आईला ठाऊक होतं?"

"आई म्हणाली, तूच सांग. मी सांगितलं तर ते माझ्यावर रुसतील."

मिनिटरावांनी मान हलवली. आदेश सर्वांत शेवटी पोचतो तो विभाग आपलाच, हे त्यांना नवं नव्हतं.

"आणि दर शनिवारी मैत्रिणीकडे अभ्यासाला म्हणून राहायचीस, ते?"

"अभ्यासच होता, बाबा. फक्त विषय वेगळा." ती हसली. "इथलं संपल्यावर पुढच्या ठिकाणी गाणं रंगात येतं, तेव्हा शेवटची बस निघून जाते. परत यायचं कसं? मग तिच्याकडेच झोपायचं."

मिनिटराव जागच्या जागी थांबले. ती वेळ त्यांनी घातली होती. त्यानंतर प्रवासी नसतात, असं कारणही त्यांनीच लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात. तेच त्यांनी आता कन्येला सांगितलं.

"बस नसते म्हणून प्रवासी नसतात, बाबा."

 एक कुत्रं रस्ता ओलांडून गेलं.

"पांघरूण घेतं, ते मी उगीच म्हणाले," कन्या म्हणाली. "मी काही बससाठी जात नाहीये. मला ती यंत्रं बनवायची आहेत. बिघडलेली दुरुस्त करून करून कंटाळा आलाय. पण तुम्ही विचारलंत, इथे काय वाईट आहे, आणि मला इथे काहीच वाईट दिसेना. मग शहरावर ढकललं."

"मग आज आलीस कशाला? सगळं बघितलेलंच होतं की."

"तुम्ही कधी नव्हे ते कुठे तरी चल म्हणालात." तिने त्यांच्या हातातले बूट आपल्या हातात घेतले. "आणि बार म्हणजे काय ते तुम्ही इतकं मन लावून समजावत होतात."

मिनिटरावांना हसू आलं की काय, ते त्या अंधारात नीट दिसलं नाही. पुढच्या दिव्याखाली आल्यावर ते खाकरले आणि त्यांनी विचारलं, तिथे रात्रीची काय सोय आहे?

कन्येने फोन काढला आणि तिथल्या बसचं वेळापत्रक उघडून त्यांच्या हातात दिलं. बस रात्रभर होत्या. मिनिटराव म्हणाले, रिकाम्या धावत असतील. ती म्हणाली, उभं राहायलाही जागा नसते म्हणे. मिनिटरावांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि दिव्याच्या खांबाला टेकून, मोजे घातलेल्या पायांवर उभे राहून, ते परक्या खात्याचं काम वरपासून खालपर्यंत वाचू लागले. शेजारच्याने नवं घर बांधलं, की माणूस भिंतीला तडा कुठे दिसतो का ते बघतो, तसं. बराच वेळ तडा सापडेना. काम चोख होतं. इतकं चोख, की ते कुणी केलं असेल त्याला एक दिवस भेटावं, असं त्यांना मनापासून वाटून गेलं. मग पहाटेच्या बाजूला त्यांचं बोट थांबलं.

"ह्या दोन गाड्यांत अंतर जास्त ठेवलंय. इथे तुला ताटकळावं लागेल."

"थांबेन मी, बाबा."

त्यांनी फोन परत दिला. वळून रस्त्याकडे बघितलं. रस्ता रिकामा होता, पण पांघरूण काही घेतलेलं दिसत नव्हतं.

"जा मग," म्हणाले. आणि चार पावलं पुढे गेल्यावर, न वळता, "पण थांब्यावर जरा आधीच जाऊन उभी राहत जा. वेळापत्रकावर कधी विश्वास ठेवायचा नाही."